दोन्ही भाग वाचले

४ जुलै १९८८, सोमवार

पाटी आली. म्हापशाच्या पेंटरने ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द एका ओळीत बसवतो म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं. बसला नाही. शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत गेली आणि त्यांच्याच शेजारी माझं नाव आलं: समन्वयक, सौ. कमलाक्षी पालयेकर. मी पाचदा तरी जाऊन पाहिली असेल.

राज्य होऊन वर्ष झालं, विद्यापीठ त्याहून थोडं थोरलं, आणि आमचा ‘पर्यावरण आणि समाज’ हा एम.ए.चा अभ्यासक्रम आजपासून सुरू. भूगर्भशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सगळे थोडे थोडे शिकवणार. मी मुळात अर्थशास्त्राची. समन्वयक म्हणून जास्तीचं काही मिळत नाही. एक कपाट मिळालं आणि एक खोली, जिची खिडकी लागत नाही. स्टाफरूममध्ये आमच्या अभ्यासक्रमाला ‘खतखतें’ म्हणतात, म्हणजे दहा भाज्यांची मिसळ. म्हणोत. घरी यजमानांना, रघुनाथना, सांगितलं तर ते हसले. पेडण्याच्या हायस्कुलात मराठी शिकवून शिकवून त्यांना प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायची सवय लागली आहे. म्हणाले, “खतखत्यात भाजी सगळ्यांची. पण करपलां तर नाव रांधपिणीचां!”

नवं काम म्हणून ही नवी वही.

१९ ऑगस्ट १९८८, शुक्रवार

पाच विद्यार्थी. त्यांतली जानकी परब मला आवडते. डिचोलीकडच्या आंबेखोलची आहे. वडील नाहीत. आई गंगाबरोबर ती मामाकडे वाढली. मामा खाणीवर ट्रक चालवतो. पोरगी प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत उभी राहते.

प्रत्येकाच्या प्रबंधाचे दोन भाग असणार. माती-पाण्याचा भाग भूगर्भवाले अजयसर बघणार, माणसांचा भाग समाजशास्त्राच्या मनीषाबाई. एक इमारतीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. दोघं एकमेकांचं पान उघडून बघणार नाहीत हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. म्हणून मी एक फॉर्म काढला. गुलाबी कागदावर सायक्लोस्टाइल करून घेतला: ‘या प्रबंधाचे दोन्ही भाग मी एकत्र वाचले असून ते एकत्र बाहेर देण्यास हरकत नाही.’ खाली समन्वयकाची सही. डीनसाहेब म्हणाले, “मॅडम, हेच तर कुणाला सुचलं नव्हतं.”

दिवसभर ते वाक्य कानात होतं. एवढं कशाला हुरळायचं, पण हुरळले.

११ जानेवारी १९९०, गुरुवार

आज जानकीबरोबर आंबेखोलला गेले. डिचोलीपर्यंत बस, पुढे दोन पायलटांच्या भाड्याच्या मोटरसायकली. माझा पायलट खड्डे चुकवत नव्हता, शोधत होता.

खाणीच्या मातीचा ढीग टेकडीएवढा झाला आहे. त्याखालून ओहळ येतो आणि ओहळाखाली एकामागून एक शेतं. तिसरं शेत जानकीच्या मामाचं, सगुण गावसचं. माती हातात घेतली तर कुंकवासारखी बोटांना लागली. जानकीने पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, कसणाऱ्याचं नाव लिहिलं. अजयसरांची शिस्तच तशी. ते म्हणतात, ज्या मातीला ठावठिकाणा नाही ती माझ्या प्रयोगशाळेत आणू नका.

मग ओट्यावर बसून सगुण बोलला. आधी बोलत नव्हता, चहा-पाव पुढे करत होता. भाचीने विचारलं तेव्हा खाली बघत सगळं सांगितलं. पावसाळ्यात ओहळाला पूर आला की खाणीवरच्या तळ्याचं दार उघडतात आणि साठलेलं लाल पाणी सोडून देतात. दार उघडायला दोन वेळा त्यालाच पाठवलं होतं. ते पाणी त्याच्याच शेतात आलं.

“नांव नाका हां, बाय,” तो मला म्हणाला. “पोट थंयच आसा.”

जानकी म्हणाली, “मामा, नांव येवचें ना. म्हजें उतर.” असा शब्दच दिला तिने. मनीषाबाईंची शिस्त हीच: माणसाचं नाव कधी लिहायचं नाही, त्याला नुसता क्रमांक द्यायचा, तो काय करतो, कुठे राहतो एवढंच. मीही सगुणला म्हटलं, माझी सही झाल्याशिवाय पुस्तक बाहेरच पडत नाही, तुम्ही निर्धास्त राहा.

दोन शास्त्रांच्या दोन शिस्ती एका मुलीने एकाच दिवशी पाळलेल्या पाहून बरं वाटलं. आमच्या अभ्यासक्रमाचं हेच तर म्हणणं आहे.

२ एप्रिल १९९०, सोमवार

परवा दिल्लीची समिती येणार. ती खूश झाली तर अभ्यासक्रम कायम होईल. सकाळपासून पडदे, टेबलक्लॉथ, पाण्याची भांडी. म्हापशाहून प्रबंध बांधून आले, पाचही निळ्या कापडात, सोनेरी अक्षरांत. टेबलावर ओळीने मांडले तेव्हा ऊर भरून आला.

पाचही गुलाबी फॉर्मांवर सह्या करून टाकल्या. चहा येईपर्यंत झाल्यासुद्धा. सगळ्यांचे ऋणनिर्देश तेवढे वाचले. जानकीने लिहिलं आहे की पालयेकर मॅडमांनी आईच्या मायेने लक्ष ठेवलं. प्रमोदने मला चौथ्या क्रमांकावर टाकलं आहे, ग्रंथपालाच्या खाली. असो.

५ एप्रिल, गुरुवार

समिती खूश! अध्यक्षांनी गुलाबी फॉर्म दोनदा वाचला आणि इतर विद्यापीठांनीही असं करावं असं म्हणाले. तिघांनी प्रबंध चाळले. जानकीचा नकाशा सगळ्यांना आवडला.

आमच्या आळीतला परशुरामही कार्यक्रमाला आला होता. लहानपणी माझ्या परकराला धरून फिरायचा, आता त्याच आंबेखोलच्या खाणकंपनीत कल्याण अधिकारी आहे. मीच बोलावलं होतं, कारण कंपनीची बस मुलांच्या सहलींना मिळाली तर फार सोय होईल. म्हणाला, “कमलाताय, आंबेखोलचां पुस्तक माका दी गे. आमच्याच खाणीच्या गावचां.” मी जानकीच्या प्रबंधाची एक प्रत त्याला सप्रेम भेट दिली, आत तारीख घालून. बससाठी बोलतो म्हणाला.

कमलाक्षी, आज तुझा दिवस होता.

२३ एप्रिल, सोमवार

जानकी दारात उभी होती. आत ये म्हटलं तरी येईना.

सगुणला शनिवारी कामावरून काढलं. कारण काही दिलं नाही. फाटकावरच्या माणसाने एवढंच सांगितलं की तुझ्या भाचीच्या पुस्तकात तू काय बोललास ते साहेबांनी वाचलं. मामा कुणाला काही बोलला नाही, पण गाव बोलतो. तिच्या आईला विहिरीवर तोंडावर म्हणाले, “भाचयेन मामाक विकलो, एम.ए. जावपाक.”

“मी नाव घातलं नाही, मॅडम,” ती म्हणाली. “शंभरदा पाहिलं. मनीषाबाईंनी पण पाहिलं. त्यांना कसं कळलं?”

मी म्हटलं, गावात कोण ना कोण सांगतंच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

ती जाता जाता वळली. “तुमी वाचिल्लें न्हय, मॅडम?”

मी हो म्हटलं.

२४ एप्रिल, मंगळवार

आज प्रबंध घरी आणला आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी उघडले.

पान ७८, माणसांचा भाग: ‘सातवा निवेदक. खाणीवर ट्रकचालक. ओहळाखालचं तिसरं शेत कसतो.’ खाली दाराची सगळी हकिकत.

पान ३१, मातीचा भाग, तक्ता: ‘ओहळाखालचं तिसरं शेत. कसणारा: सगुण गावस.’

अजयसर बरोबर. मनीषाबाई बरोबर. जानकीने दोघांचं ऐकलं, तीही बरोबर. ही दोन पानं एका नजरेखाली घालायला एकच माणूस नेमलेलं होतं, आणि त्या माणसाचं नाव पाटीवर आहे. शोधायला मला चार मिनिटं लागली, तीही चष्मा शोधण्यासकट.

२९ एप्रिल, रविवार

परशुराम आळीत दिसला. त्याला आडोशाला घेऊन विचारलं, तुला हे करवलं कसं? तो जरासुद्धा वरमला नाही.

“मी काय केलंय? पुस्तक तूंच दिलंस न्हय?” म्हणाला. “आमच्या हाफिसात तिघांनी वाचलां. दोनूय भाग बाजूक बाजूक ठेवन.”

म्हणजे माझं काम कंपनीने केलं. मी ज्यावर सही केली ते तिघांनी बसून, मन लावून वाचलं. बसबद्दल मी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही.

८ मे, मंगळवार

कंपनीचं पत्र आलं होतं: बिननावी माणसांच्या तोंडी खोटी विधानं घालून बदनामी. त्यावर आज चौकशी. डीनसाहेब आणि दोन ज्येष्ठ. जानकीला बाहेर बाकावर बसवलं होतं. पहिला प्रश्न: एका भागात नाव आणि दुसऱ्यात नुसता क्रमांक, हे कसं?

अजयसर म्हणाले, माझ्या शास्त्रात नाव लिहावं लागतं. मनीषाबाई म्हणाल्या, माझ्या भागात नाव लिहिलेलं नाही. दोघं प्रथमच एका खोलीत बसून एका सुरात बोलत होते. डीनसाहेबांनी चष्मा काढला. “मग दोन्ही एकत्र बघायचं कुणी?”

गुलाबी फॉर्म माझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये होता. पावणेदोन वर्षं ज्याच्या-त्याच्या नाकासमोर नाचवला तो फॉर्म. मी फाईल दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, “सर, शेवटी मुखपृष्ठावर नाव विद्यार्थिनीचं असतं.”

माझा आवाज अगदी नीट निघाला.

जानकीचा निकाल ४ जूनपर्यंत रोखला. तोवर तिने लेखी माफी द्यायची, आणि ‘विधानं पडताळलेली नाहीत’ असंही लिहून द्यायचं. बाहेर आले तर ती बाकावरून उठून उभी राहिली. मला बघून उभी राहायची तिची सवय आहे. मी घाईत असल्याचं दाखवलं.

९ मे, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. पाटीवर धूळ बसली होती, शिपायाला पुसायला सांगितली.

१४ मे, सोमवार

स्वतःची बाजू मांडून पाहते. कामं पंचवीस होती. समिती येणार होती. वाचलं असतं तरी लक्षात आलं असतं का? मनीषाबाईंना नाही आलं. अजयसरांना नाही आलं. माझी नोकरी गेली तर सगुणची परत येणार आहे का?

सगळं पटतं. तरी दुपारी पोदेराने पाव आणले तेव्हा सगुणने पुढे केलेली बशी आठवली आणि पाव तसाच परत ठेवला.

२० मे, रविवार

रघुनाथनी ही वही वाचली. मीच मेजावर उघडी टाकून मासळी बघायला गेले होते. चुकून टाकली असं म्हणायला हवं, पण वही मी कधी उघडी टाकत नाही.

आले तर ते ओट्यावर बसलेले. वही मांडीवर मिटलेली. गेली चार वर्षं आमच्या घरात कोकणी-मराठीवरून दोन पक्ष आहेत, भांडताना त्यांना शब्द कमी पडत नाहीत. आज पडले.

“तू वाचलंच नाय?”

“नाही.”

“मी पोरांच्या वह्येर सुदीक वाचल्याबगर सही करणंय नाय,” एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने: “त्या चेडवाक म्हायत असा?”

नाही, म्हटलं. तिला वाटतं कुणीतरी गावातून सांगितलं. तिला वाटतं मी वाचलं होतं.

रघुनाथ रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठून मासळी साफ करायला बसले, जे ते कधी करत नाहीत.

३० मे, बुधवार

घटक राज्याचा दिवस, सुट्टी. डिचोलीत शाळेच्या पोरांची मिरवणूक चालली होती. प्रबंधाची प्रत पिशवीत घालून मी एकटी आंबेखोलला गेले.

सगुण घरीच होता. ट्रक सुटल्यापासून मयेच्या तळ्याकडे कुणाच्या तरी बागायतीत मजुरीला जातो, आज तीही नव्हती. गंगाने पाट दिला, पाणी दिलं, नजर दिली नाही. जानकी आतल्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारचे दोघेतिघे कुंपणाच्या गडग्यापाशी जमले, कुणी हाक न मारता.

मी बसमध्ये एक भाषण तयार केलं होतं. त्यात ‘परिस्थिती’ हा शब्द तीनदा होता. ओट्यावर बसल्यावर एवढंच निघालं: “जानकीने दिलेला शब्द पाळला. चूक माझी. मी वाचल्याची सही केली आणि वाचलं नाही. आणि पुस्तक कंपनीच्या हातात मीच दिलं.”

जानकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. गडग्यावरचा एक म्हातारा म्हणाला, “म्हणजे चलयेन ना?” म्हणजे पोरीने विकलं नाही तर. गंगाने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

सगुण बराच वेळ पुस्तकावरची सोनेरी अक्षरं बघत होता. मग म्हणाला, “वाचून दाखयात.”

“काय?”

“सगळें. हांवें सांगलां तशें बरयलां काय ना, पळोवया.” सांगितलं तसंच लिहिलं आहे का, हे त्याला बघायचं होतं.

पुस्तक इंग्रजीत. मी एकेक वाक्य वाचत गेले आणि कोकणीत सांगत गेले. घरी भांडण्यापुरती वापरते ती कोकणी, मातीच्या तक्त्यांना पुरेना. कुठे अडले की जानकी दाराशी उभ्या उभ्याच शब्द पुरवायची, माझ्याकडे न बघता. दोन तास लागले. दोन्ही भाग. पोरीने किती सुंदर लिहिलं आहे! चौथ्या प्रकरणात लाल पाण्याखाली गेलेल्या भाताची वाढ तिने आठवड्या-आठवड्याला मोजली आहे, पावसात, मामाच्या शेतात उभी राहून. हे मी पहिल्यांदा आज वाचत होते, ज्याच्यावर दोन महिन्यांपूर्वी माझी सही झाली आहे. आईच्या मायेने लक्ष ठेवलं, ते वाक्यही आलं. तेही वाचावं लागलं.

संपल्यावर सगुण म्हणाला, “खरें बरयलां.” मग म्हणाला, “कंपनी म्हणटा फट. सातवो म्हणल्यार कोण? म्हजें नांव भायर सरलांच न्हय? मागीर उतरां विनानांवाचीं कित्याक? घाला नांव.” कंपनी खोटं म्हणते, नाव तर फुटलंच, मग शब्द बिननावी कशाला, असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, सगुण, पुन्हा विचार करा, पुढे कुठल्याच खाणीवर घेणार नाहीत.

“आतां तरी खंय घेतात?”

त्याने माझं पेन मागितलं. पान ७८ वर, ‘सातवा निवेदक’ लिहिलं आहे तिथे, समासात, त्याने अक्षर अक्षर करून लिहिलं: सगुण गावस. हें म्हजें उतर. शाळा तिसरीत सुटली असं जानकीने मागे सांगितलं होतं. लिहिताना जीभ दाताखाली धरली होती. लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं, बोट ठेवून, आणि मगच पेन परत दिलं.

मी गुलाबी फॉर्म काढला. माझी सही केवढी वळणदार! तिच्याखाली लिहिलं: ‘२ एप्रिल रोजी सही केली तेव्हा मी हा प्रबंध वाचलेला नव्हता. आज, ३० मे रोजी, वाचला.’ सगळे बघत होते.

निघताना जानकी पायलट बोलवायला फाट्यापर्यंत आली. मी माफी मागितली तर म्हणाली, “मोटरसायकल आयली, मॅडम.”

४ जून, सोमवार

फॉर्म आणि पान ७८ टेबलावर ठेवलं. कुणी विचारायच्या आधी. डीनसाहेबांनी दोन्ही वाचलं आणि पंख्याकडे बघत बसले.

“मॅडम, गेल्या खेपेला तुम्ही...”

“हो सर. गेल्या खेपेला मी मुलीवर ढकललं.”

मनीषाबाईंनी मान खाली घातली, जणू त्यांचीच चूक. अजयसर म्हणाले की तक्त्यातली नावं काढून टाकली तरी चालली असती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मलाही त्यांना विचारायचं सुचलं नव्हतं.

जानकीचा निकाल मोकळा. माफी नको. कंपनीला उत्तर जाईल की विधान करणारा स्वतःच्या नावाने उभा आहे. समन्वयक म्हणून पुढच्या महिन्यापासून अजयसर. मला लेखी ताकीद. संध्याकाळी परशुरामच्या घरी जाऊन सगुणला परत घ्या म्हणून हात जोडले. त्याने सरबत दिलं, आणि हे आपल्या हातात नाही म्हणाला.

मला वाटलं होतं, कबूल केल्यावर हलकं वाटेल. लोक तसं सांगतात. वाटलं नाही.

११ जून, सोमवार

माझी खोलीतली शेवटची कामं. कपाट रिकामं केलं. पेंटरला सांगितलं आहे, अजयसरांचं नाव लहान आहे, या वेळी सगळं नीट बसेल.

दुपारी जानकी गुणपत्रिका न्यायला आली. पहिला वर्ग. अभिनंदन केलं, तिने मान हलवली. मामा कसे आहेत विचारलं. मयेला जातात, म्हणाली. मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं, रकान्यावर बोट ठेवलं आणि दोन वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं:

“वाचून सही कर हं.”

तिने वर पाहिलं. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

मग तिने रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं आणि वाचायला लागली. वरच्या छापील सूचना, पाचही नावं, तारखा, रकाने, अगदी खालची बारीक टीपसुद्धा. सावकाश, सगुणसारखं बोट ठेवून. ती सही करेपर्यंत मी टेबलाच्या या बाजूला उभी राहिले.